बालकांचे हक्क आणि राष्ट्रांचा शब्द

नोव्हेंबर महिन्यात आपल्याकडे दोन बालदिन येतात. १४ तारखेचा बालदिन सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी शाळेत पंडित नेहरूंच्या तसबिरीला हार घातला जातो, एखाददुसरे भाषण होते, खाऊ वाटला जातो, आणि मुलांचे सारे लक्ष अर्थातच खाऊकडे असते. दुसरा बालदिन त्यानंतर सहा दिवसांनी, २० तारखेस येतो. तो बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. १९५९ साली याच तारखेस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालकांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला, आणि बरोबर तीस वर्षांनी, १९८९ साली, त्याच तारखेस बालकांच्या हक्कांचा करार स्वीकारला. जाहीरनामा आणि करार हे शब्द वरवर पाहता सारखेच वाटतात. परंतु त्या दोहोंमधील अंतर मोठे आहे, आणि आजच्या भाषणात मला ते अंतरच समजावून सांगावयाचे आहे.

मी कायदेपंडित नव्हे, शाळामास्तर आहे. म्हणून व्याकरणाच्या तासाला मुलांना जो प्रश्न विचारतो, तोच या कागदांना विचारणार आहे: वाक्यातला कर्ता कोण? ‘भुकेल्या मुलाला अन्न मिळाले पाहिजे’ हे वाक्य सुंदर आहे. त्यास कोणी नाही म्हणणार नाही. परंतु ते अन्न द्यावयाचे कोणी, हे त्या वाक्यात नाही. गेल्या शंभर वर्षांत जगाने बालकांसाठी जे प्रयत्न केले, ते एका अर्थी या हरवलेल्या कर्त्याचा शोध होत.

हकीकत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून सुरू होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या. पण दोस्त राष्ट्रांनी जर्मनी व ऑस्ट्रियाभोवती घातलेली समुद्री नाकेबंदी उठली नाही. तहावर सह्या होईपर्यंत ती चालूच होती. व्हिएन्ना शहरात दूध नव्हते, कोळसा नव्हता. मुडदूस झालेली, हातापायांच्या काड्या झालेली मुले दवाखान्यांच्या दारांत दिसू लागली. इंग्लंडातील एक सुशिक्षित बाई, एग्लंटाईन जेब, यांना ही गोष्ट सहन होईना. तरुणपणी त्यांनी मार्लबरो येथे प्राथमिक शाळेत शिक्षिकेचे काम केले होते. परंतु त्या कामात त्यांचे मन रमले नाही व थोड्याच काळात त्यांनी ते सोडले. मुलांच्या गोंगाटाला कंटाळलेल्या या बाईंच्या हातून पुढे जगातील मुलांसाठी एवढे मोठे कार्य व्हावे, हे आम्हां शिक्षकांना नम्र करणारे आहे.

१९१९ साली त्यांनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र छापलेली पत्रके वाटली. पत्रके सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घेतली नव्हती, म्हणून त्यांना अटक झाली व पाच पौंड दंड झाला. त्यांच्याविरुद्ध खटला चालविणाऱ्या सरकारी वकिलानेच दंडाची रक्कम आपल्या खिशातून देऊ केली. त्याच वर्षी जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ ही संस्था स्थापन केली. शत्रूच्या मुलांसाठी पैसा मागणे ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. ज्यांची मुले रणांगणावर पडली होती, अशाच आईबापांपुढे ही झोळी पसरावयाची होती. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या कार्यास पाठिंबा दिला. १९१९ च्या २८ डिसेंबरला, म्हणजे हेरोद राजाने मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणदिनी, जगातील कॅथलिक देवळांतून मध्य युरोपातील मुलांसाठी वर्गणी गोळा करावी, असे त्यांनी कळविले.

परंतु वर्गणी ही आटणारी वस्तू आहे. लोकांची दया एका हिवाळ्यापुरती जागी राहते आणि पुढल्या हिवाळ्यात दुसरीकडे वळते, हे जेब यांच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून त्यांनी पाच कलमांचा एक छोटा मसुदा तयार केला, आणि २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. हाच जिनिव्हाचा जाहीरनामा. मुलाच्या शरीराची व आत्म्याची वाढ होण्यास लागणारी साधने त्यास मिळावीत. भुकेल्यास अन्न, आजाऱ्यास शुश्रूषा, मागे पडलेल्यास साहाय्य, वाट चुकलेल्यास सुधारण्याची संधी व अनाथास आसरा मिळावा. संकटकाळी पहिली मदत मुलांना पोहोचावी. त्यास पोट भरण्याजोगे शिक्षण मिळावे व त्याची पिळवणूक होऊ नये. आणि आपले गुण इतर मानवांच्या सेवेसाठी आहेत या जाणिवेत ते वाढावे, असा त्याचा आशय आहे. आता आपला प्रश्न विचारून पाहा. हे सारे करावयाचे कोणी? जाहीरनामा म्हणतो, सर्व राष्ट्रांतील स्त्रीपुरुषांनी. म्हणजे सर्वांनी, आणि जे सर्वांचे काम असते ते पुष्कळदा कोणाचेच होत नाही.

ही उणीव त्या काळीच एका माणसाने बोलून दाखविली. पोलंडमधील वॉर्सा शहरात डॉ. यानुश कोर्चाक हे मुलांचे वैद्य ज्यू अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असत. त्या आश्रमात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. मुलेच न्यायाधीश असत आणि तक्रार कोणाविरुद्धही करता येई. खुद्द कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिले आहेत. जिनिव्हाच्या जाहीरनाम्याविषयी त्यांनी १९२९ साली लिहिले, त्याचा मथितार्थ असा की, या कागदात हक्क आणि कर्तव्ये यांची गल्लत झाली आहे; त्याचा सूर मागणीचा नाही, विनवणीचा आहे. कोर्चाक यांचा शेवट आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. नाझींनी वॉर्साच्या ज्यूंना एका कोंडवाड्यात डांबले. तेथे जुलै १९४२ मध्ये त्यांनी आपल्या मुलांकडून एक नाटक करविले. ते होते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’. खिडकीशी बसून बाहेरच्या जगाची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती कथा. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांसह त्यांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी त्यांनी नाकारली होती. जिनिव्हाचा जाहीरनामा तेव्हा अठरा वर्षांचा झाला होता.

कर्त्याचे नाव घेणारे काही कायदे त्या काळातही होते, हे येथे सांगितले पाहिजे. वडोदऱ्याचे सयाजीराव महाराज यांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा काढणे हे दरबाराचे काम आणि मुलास शाळेत धाडणे हे पालकाचे काम, न धाडल्यास दंड, असा तो रोखठोक व्यवहार होता. नामदार गोखले यांनी त्याच धर्तीचे विधेयक १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढल्या वर्षी ते नामंजूर झाले.

गिरण्यांतील मुलांची कथाही अशीच आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने आपल्या देशात सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलाने रोज नऊ तास राबण्यास मात हरकत नव्हती. १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर आली. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले नारायण मल्हार जोशी तेथे उपस्थित होते. या परिषदेने चौदा वर्षांखालील मुलांस उद्योगधंद्यांत कामास लावू नये असा करार केला. परंतु त्याच करारात एक स्वतंत्र कलम होते: चौदा वर्षांची ही अट हिंदुस्थानास लागू नाही. येथे बारा वर्षांखालील मुलांस मनाई, आणि तीही यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व दहांहून अधिक माणसांच्या कारखान्यांत, खाणींत, रेल्वेत आणि गोद्यांत. नवावरून बारा ही प्रगती होती, यात शंका नाही. तरीपण मँचेस्टरच्या मुलाचे बालपण चौदाव्या वर्षापर्यंत आणि परळच्या मुलाचे बाराव्या वर्षापर्यंत, असे जगाने कागदावर लिहून ठेवले होते. आपल्याकडील कारखान्यांत चौदाची मर्यादा घालणारा कायदा १९४८ साली, स्वराज्यात झाला.

दुसऱ्या महायुद्धाने मुलांची जी वाताहत केली, तिची एक खूण आपल्या अगदी उंबरठ्याशी आहे. बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या श्रोत्यांनी वळिवडे हे नाव ऐकले असेल. सोव्हिएत सत्तेने १९४० च्या सुमारास पूर्व पोलंडमधून सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार निर्वासित, मुख्यतः स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ पर्यंत तेथे राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, इस्पितळ होते, प्रार्थनामंदिर होते. पंचगंगेच्या काठी पोलिश मुले आपल्या भाषेत धडे गिरवीत होती. गुजरातेत जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना असाच आसरा दिला होता.

युद्ध संपल्यावर, ११ डिसेंबर १९४६ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मुलांसाठी युनिसेफ हा निधी स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष लुडविक राइखमन हेही पोलिशच. युद्धग्रस्त युरोपपुरती योजलेली ही संस्था १९५३ साली कायम करण्यात आली आणि तिचे लक्ष आशिया-आफ्रिकेकडे वळले. पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यास व आणंद येथील दुधाची भुकटी करण्याच्या कारखान्यास तिने यंत्रसामग्रीची मदत केली. १९५९ चा जाहीरनामा याच काळातला. त्यात पाचांची दहा कलमे झाली; नाव, राष्ट्रीयत्व, मोफत शिक्षण, खेळ यांचा समावेश झाला; आणि मूल हे हक्काचे धनी आहे अशी भाषा आली. तथापि तोही जाहीरनामाच होता. मोडला तर जाब विचारण्याची सोय त्यात नव्हती.

ही सोय व्हावी म्हणून १९७८ साली ज्या देशाने नव्या कराराची सूचना मांडली, तो देश पुन्हा पोलंडच होता, हा योगायोग मनात भरणारा आहे. आंतरराष्ट्रीय बालवर्षात, १९७९ साली, जिनिव्हात एक कार्यकारी गट बसला. पोलिश कायदेपंडित आडाम वोपात्का त्याचे अध्यक्ष होते. सर्वांना मान्य होईल असाच शब्द घ्यावयाचा, या पद्धतीमुळे काम दहा वर्षे चालले. या पद्धतीची किंमतही द्यावी लागली. उदाहरणार्थ, मुलास सैन्यात घेण्याची किमान वयोमर्यादा करारात पंधराच राहिली. अठरा वर्षांखालील सैनिकांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवण्यास २००० सालचा वेगळा पूरक मसुदा करावा लागला.

या करारात एकंदर ५४ कलमे आहेत आणि २ सप्टेंबर १९९० पासून तो अमलात आहे. १९६ पक्षांनी तो मान्य केला असून मानवी हक्कांच्या दुसऱ्या कोणत्याही करारास एवढी मान्यता मिळालेली नाही. अमेरिकेने १९९५ साली सही केली, परंतु मान्यता मात्र दिलेली नाही. करारातील मुख्य गोष्ट अशी की, येथे वाक्याला कर्ता सापडला. ‘मुलास शिक्षण मिळावे’ एवढ्यावर तो थांबत नाही. करारात सामील झालेली राष्ट्रे ते शिक्षण देण्यास बांधलेली आहेत, असे म्हणतो. जन्मताच नोंद व्हावी, भेदभाव होऊ नये, मुलासंबंधीच्या निर्णयात त्याचे हित प्रथम पाहावे, त्याच्या वयाच्या मानाने त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्यास खेळ आणि विश्रांती मिळावी, ही सारी राष्ट्रांची देणी झाली. दिलेला शब्द पाळला की नाही हे पाहण्यास अठरा तज्ज्ञांची समिती जिनिव्हात बसते. प्रत्येक राष्ट्राने प्रथम दोन वर्षांनी व नंतर दर पाच वर्षांनी तिला हिशेब द्यावयाचा असतो. समितीच्या हाती ना पोलीस, ना तुरुंग. पण चारचौघांत हिशेब देण्याची पाळी आली की सरकारेही वह्या नीट ठेवू लागतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी भाषकांना यातील तिसावे कलम जवळचे वाटेल. अल्पसंख्य समाजातील मुलास आपल्या संस्कृतीचा, धर्माचा व भाषेचा लाभ घेण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे ते सांगते. आपल्या संविधानात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात, असे कलम १९५६ सालीच घातले गेले होते. बेळगाव असो, हैदराबाद असो वा इंदूर, मराठी शाळेचा प्रश्न हा मोठ्या माणसांच्या अभिमानाचा तर आहेच; परंतु प्रथम तो सहा वर्षांच्या मुलास पहिला धडा कळण्याचा आहे, आणि आपल्या शेजारच्या कानडी वा तेलुगू मुलासही तोच हक्क आहे, याचे विस्मरण होऊ नये.

भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. त्या वेळी एक निवेदन जोडले: बालमजुरीसंबंधीचे कलम आम्ही टप्प्याटप्प्याने अमलात आणू, सर्व धंद्यांस किमान वय तत्काळ ठरविणे व्यवहार्य नाही. १९१९ ची सवलत परक्या राज्यात मिळाली होती. ही आपण आपल्या हाताने मागितली. मात्र पुढची वाटचाल झाली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावण्याची व कलाक्षेत्रातील कामाची मुभा तेवढी राहिली. आणि २०१७ साली भारताने किमान वयाचा व बालमजुरीच्या अतिघातक प्रकारांविरुद्धचा असे दोन्ही आंतरराष्ट्रीय कामगार करार मान्य केले. जगात २००० साली २४ कोटी ६० लाख मुले मजुरीत असल्याचा अंदाज होता. २०२४ सालचा अंदाज १३ कोटी ८० लाखांचा आहे. त्यांपैकी ५ कोटी ४० लाख मुले जिवाला वा प्रकृतीला धोका असलेल्या कामांत आहेत. २०२५ पर्यंत बालमजुरी संपविण्याचा जगाचा संकल्प सिद्धीस गेला नाही.

श्रोतेहो, आता एक माझीच गोष्ट सांगतो आणि भाषण संपवितो. शिक्षणहक्क कायदा होण्यापूर्वीची, माझ्या नोकरीच्या आरंभीची ही गोष्ट. सीमाभागातील ज्या गावी मी शिकवीत होतो, तेथे दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येत व गावाबाहेर त्यांच्या कोप्या पडत. एके दिवशी सकाळी दहा वर्षांचा एक मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभा राहिला. फळ्यावर मी लिहिलेली ओळ त्याने न अडखळता वाचून दाखविली आणि म्हणाला, “गुरुजी, मी चौथीत हाय. हितं बसू का?” मी त्यास दाखला विचारला. तो म्हणाला, “दाखला गावाकडं हाय.” मी म्हणालो, “मग दाखला घेऊन ये.” नियम तसा होता, आणि मी तो पाळला. मुलगा मान हलवून गेला. पुन्हा आला नाही. काही दिवसांनी रस्त्यात तो मला वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन जाताना दिसला. त्याने मला ओळखले, हसलाही. मार्चात टोळी गेली, आणि त्याचे नावसुद्धा मी विचारले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

भारताने करार मान्य करून त्या वेळी दहा-बारा वर्षे लोटली होती. शिक्षण देण्यास बांधलेले राष्ट्र त्या सकाळी त्या मुलापुढे ज्या रूपाने उभे होते, ते रूप माझे होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आज कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, दाखल्यास विलंब झाला या कारणावरून शाळेने प्रवेश अडवू नये, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून मुलास परत पाठवू नये. ही ओळ मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे. हंगाम सुरू झाला की मी आता टोळीच्या मुकादमास भेटतो, कोपीकोपीतून फिरतो आणि मुलांची नावे विचारतो. सगळी येत नाहीत. घेतलेली उचल फेडावयाची असते, धाकटे भावंड सांभाळावयाचे असते. आईबापांना दोष देऊन भागत नाही. पण जी येतात ती बसतात, आणि हजेरीपटावर त्यांची नावे चढतात.

आपणांपैकी कोणी शिक्षक असेल, कोणी ग्रामपंचायतीचा सभासद, कोणी कारखान्याचा संचालक, कोणी हॉटेलमालक. येत्या २० नोव्हेंबरला खाऊ वाटला नाही तरी चालेल. जिनिव्हातल्या त्या कागदावर आपल्या राष्ट्राची मान्यता आहे, आणि राष्ट्राचा शब्द कोणातरी माणसाच्या हातूनच पुरा व्हावयाचा असतो, एवढे त्या दिवशी आपल्या गावातील एखाद्या मुलाकडे पाहताना आठवावे.